रविवारच्या गाडीचे टायर

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला आधीच बजावलं होतं, की आठवणी सगळेच सांगणार आहेत, तू काहीतरी उपयोगाचं बोल. आपल्या ग्रुपवर दर दोन-तीन महिन्यांनी एक प्रश्न हमखास येतो : "टायर बदलायचेत, स्वस्त आणि टिकाऊ कुठले घेऊ?" त्यावर दहा जण दहा कंपन्यांची नावं सांगतात, मग कुणीतरी शुभ सकाळचं फूल टाकतं आणि विषय तिथेच राहतो. म्हणून आज टायरवर बोलते. मी टायरच्या धंद्यातली नाही. पण हिशेब मांडणं आणि एखादी गोष्ट कुठे बिघडते ते शोधणं हे माझं रोजचं काम आहे. बाकी जे लागतं ते आपण इथेच शिकलोय : दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. समोर सर बसलेत, चुकले तर कान धरतील.

त्या एका सूत्रापासूनच सुरुवात करू. आपली साधी हॅचबॅक, आत दोन माणसं, असं धरून वजन १,००० किलो. चार चाकं, म्हणजे एका चाकावर २५० किलो. टायरमध्ये हवा ३३ पीएसआय, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण २.३ किलो. भागाकार करा. एका टायरचा जेवढा भाग रस्त्याला टेकलेला असतो, तो सुमारे ११० चौरस सेंटिमीटर भरतो. आपल्या जुन्या पोस्टकार्डाचं माप १४ बाय ९, म्हणजे १२६. तेव्हा टायर पोस्टकार्डापेक्षा थोड्या कमीच जागेवर टेकतो. ब्रेक लागणं, वळण घेणं, पावसात गाडी रस्त्यावर राहणं, सगळं या चार पोस्टकार्डांच्या जिवावर चालतं. गाडीत एअरबॅग किती आहेत हे आपण शोरूममध्ये विचारतो. ही चार पोस्टकार्डं कोणत्या सालची आहेत ते मात्र विचारत नाही.

आता आपल्या बदलापूरची खास गोष्ट. आपल्यातले बहुतेक जण सोमवार ते शुक्रवार लोकलने जातात. गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी. शनिवार-रविवारी ती बाहेर निघते. बाजारहाट, मुळगावचा खंडोबा, पावसाळ्यात बारवी किंवा कोंडेश्वर, मुरबाडकडे कुणाचं तरी लग्न. वर्षातून दोन-तीनदा मोठा प्रवास, गणपतीत कोकण, दिवाळीत पुणे-कोल्हापूर, आणि अलीकडे समृद्धी महामार्ग. बेरीज केली तर वर्षाला सहा हजार किलोमीटरच्या आसपास. म्हणजे आपली गाडी धावते कमी आणि उभी राहते जास्त. आणि धावते तेव्हा एकदम चार-पाच माणसं, डिकी गच्च, आणि महामार्गाचा वेग. टायर निवडताना आणि सांभाळताना हीच गोष्ट ध्यानात ठेवायची. रोज साठ-सत्तर किलोमीटर चालवणाऱ्याचा सल्ला आपल्याला तसाच्या तसा लागू होत नाही.

एक उदाहरण घेऊ. आकडे समजुतीपुरते आहेत. एक टायर ४,००० रुपयांचा, ४०,००० किलोमीटर चालणारा. दुसरा ६,५०० रुपयांचा, ६५,००० किलोमीटर चालणारा. दोन्हींचा खर्च किलोमीटरला दहा पैसे. दुकानदार म्हणेल, "ताई, महाग घ्या, बरीच वर्षं बघायला नको." पण रबर नुसतं झिजत नाही, ते म्हातारंही होतं. ऊन, उष्णता आणि हवेतला ऑक्सिजन-ओझोन यांनी ते कडक होतं, बाजूला केसाएवढ्या भेगा पडतात. मोठ्या टायर कंपन्याच सांगतात, की पाच वर्षांनंतर दरवर्षी तज्ज्ञाकडून टायर तपासून घ्या आणि दहा वर्षांचा झाला की नक्षी कितीही शिल्लक असो, काढून टाका. काही मोटार कंपन्या तर सहा वर्षांनीच बदलायला सांगतात. आपण सहाच वर्षं धरू. सहा वर्षांत आपली गाडी धावणार ३६,००० किलोमीटर. म्हणजे स्वस्त टायर आपल्याला किलोमीटरला अकरा पैशांना पडला आणि महाग टायर अठरा पैशांना. त्याचे उरलेले २९,००० किलोमीटर भंगारात गेले.

जो रोज गाडीने ऐरोलीला किंवा पनवेलला जातो, त्याने टिकाऊ टायर जरूर घ्यावा, त्याचे पैसे वसूल होतील. आपल्या रविवारच्या गाडीला मात्र "लाख किलोमीटर चालतो" हा गुण फारसा कामाचा नाही. आपल्याला हवा तो नामांकित कंपनीचा मधल्या किमतीचा, ओल्या रस्त्यावर चांगली पकड असलेला आणि ताजा टायर. ताजा म्हणजे काय, ते टायरवरच लिहिलेलं असतं.

टायरच्या बाजूवर एका लांबट चौकटीत चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. २४२५ असेल तर २०२५ सालचा चोविसावा आठवडा, म्हणजे जून. काही वेळा हे आकडे टायरच्या एकाच बाजूला असतात, बाहेर दिसले नाहीत तर आतल्या बाजूला बघा. पैसे देण्याआधी चारही टायरचे आकडे स्वतः वाचा. दुकानात नीट ठेवलेला सहा महिन्यांचा टायर चांगलाच असतो. पण आपण किलोमीटरपेक्षा वर्षं विकत घेत असतो. दीड-दोन वर्षं दुकानात पडलेला टायर जास्त सूट देऊन कुणी गळ्यात मारत असेल, तर ती सूट आपल्याला महाग पडते.

त्याच बाजूवर मापही असतं. समजा लिहिलंय १८५/६५ आर १५ ८८ एच. टायरची रुंदी १८५ मिलिमीटर. बाजूची उंची त्या रुंदीच्या ६५ टक्के. आर म्हणजे रेडियल. १५ म्हणजे रिमचा व्यास इंचांत. ८८ हा भाराचा सांकेतिक क्रमांक, एका टायरला ५६० किलो. एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंतचा वेग. आता एक गंमत बघा. एकाच गाडीच्या साध्या मॉडेलला १६५/८० आर १४ असतो आणि वरच्या मॉडेलला १८५/६५ आर १५. गुणाकार करून बघा, दोन्हींचा बाहेरचा व्यास साधारण ६२ सेंटिमीटरच येतो. म्हणून स्पीडोमीटर बिघडत नाही. पण तुमच्या रिमला न शोभणारं माप "बसतं हो मॅडम, सगळे लावतात" म्हणून कुणी बसवत असेल तर नको म्हणा. माप गाडीच्या पुस्तकातलंच, आणि भाराचा क्रमांक मूळ टायरपेक्षा कमी कधीच नको. आयएसआयची खूण आहे ना, तेही बघा, गाड्यांच्या टायरना ती सक्तीची आहे.

एकाने मला विचारलं होतं, अंबरनाथला सिएटचा कारखाना आहे, तिथून थेट स्वस्तात मिळेल का? अरे, तिथे ट्रॅक्टरचे आणि अवजड यंत्रांचे टायर बनतात, तुझ्या वॅगन आरला ते लावलेस तर ती सोसायटीच्या गेटमधून आत यायची नाही. सिएटची मजा सांगते, ही कंपनी मूळची इटलीतल्या तुरिन शहरातली, १९२४ सालची, आणि नावातच विजेच्या केबल आहेत. भारतात ती १९५८ साली आली. आता हे नाव आपल्याला घरचंच वाटतं.

पैसे कुठे वाचवायचे आणि कुठे नाही, ते सांगते. नव्या टायरवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्के झालाय. मूळ किंमत ४,००० असेल तर टायर ५,१२० ऐवजी ४,७२० ला पडतो. चार टायरमागे १,६०० रुपये. तेव्हा भाव विचारताना नव्या कराने विचारा आणि पक्कं बिल घ्या, कारण उत्पादनातला दोष निघाला तर बिलाशिवाय कुणी दारात उभं करत नाही. बसवणं, बॅलन्सिंग आणि नवे व्हॉल्व्ह धरून भाव ठरवा. व्हॉल्व्ह फार महाग नसतो, पण जुन्या व्हॉल्व्हचं रबर फाटलं तर नवा टायरही बसतो.

चार एकदम परवडत नसतील तर दोन घ्या. मात्र ते मागे लावा. आपल्याकडे उलट करतात, "इंजिन पुढे, म्हणून नवे पुढे." ओल्या रस्त्यावर पुढची चाकं घसरली तर स्टिअरिंग हलकं लागतं, आपल्याला कळतं, पाय आपोआप ॲक्सिलरेटरवरून उठतो. मागची घसरली तर गाडी स्वतःभोवती फिरते, आणि ती सावरणं तुमच्या-माझ्यासारख्याला जमत नाही. म्हणून चांगली पकड मागे हवी.

जिथे पैसे वाचवायचे नाहीत अशा दोन जागा. एक, जुने टायर. काळं पॉलिश मारून चकचकीत केलेला टायर किती आदळलाय, किती दिवस कमी हवेवर पळालाय, हे बाहेरून कुणालाच दिसत नाही. दोन, गोटा झालेल्या टायरवर पुन्हा खाचा कोरून दिलेला टायर. त्यात रबर आणखी कमी केलेलं असतं, तो कोणत्याही किमतीला नको.

आता सांभाळण्याकडे येते. त्यात सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे हवा. पंपावरचा मुलगा विचारतो, "किती टाकू?" आपण ऐटीत सांगतो, "टाक पस्तीस." पस्तीस का, ते त्यालाही माहीत नसतं आणि आपल्यालाही. तुमच्या गाडीचा आकडा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतो. कमी माणसांसाठी एक आणि पूर्ण भारासाठी दुसरा असे दोन आकडेही असू शकतात. टायरवर छापलेला मोठा आकडा ही कमाल मर्यादा आहे, तो भरायचा नसतो. आणि मोजायचं ते थंड टायरवर, सकाळी, गाडी निघण्यापूर्वी. तासभर पळालेल्या टायरमध्ये दाब तीन-चार पीएसआयने वाढलेला दिसतो, तो बघून हवा सोडायची नाही.

चांगल्या टायरमधूनही महिन्याला एक-दोन पीएसआय हवा आपोआप कमी होते. दोन महिने उभी असलेली गाडी गणपतीला काढली, की ३३ ची २९ झालेली असते आणि त्यात एखादा बारीक खिळा असला तर आणखी कमी. त्यावर पाच माणसं आणि सामान. टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यात जास्त दुमडते, दुमडल्याने तापते, आणि महामार्गाच्या वेगाला ताप वाढत वाढत एका क्षणी टायर फुटतो. लोक म्हणतात, "उन्हामुळे फुटला" किंवा "सिमेंटच्या रस्त्यामुळे फुटला." ऊन आणि वेग भर घालतात, पण पुष्कळदा खरं कारण कमी हवा, जास्त वजन किंवा म्हातारा टायर हेच असतं. म्हणून "उन्हाळ्यात हवा कमी ठेवावी" हा सल्ला उलटा आहे. कमी हवेने टायर जास्त तापतो. नायट्रोजनबद्दलही विचारतात. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो, हे आपण सातवी-आठवीत शिकलो. फुकट मिळत असेल तर भरा, पण नायट्रोजन भरला म्हणून तपासणं सुटत नाही. त्यापेक्षा दीड-दोन हजारांचा, गाडीतल्या सॉकेटवर चालणारा छोटा पंप घ्या आणि पंधरा दिवसांतून एकदा, शक्यतो रविवारी सकाळी, पाच मिनिटं द्या.

समृद्धीचं वेगळं सांगते. इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला सुरू झाला आणि ७०१ किलोमीटरचा रस्ता आपल्याच जिल्ह्यात, भिवंडीजवळ येऊन पोचला. तिथे गाड्यांना ताशी १२० ची मुभा आहे, आणि सरळ रस्त्यावर तासन्‌तास तोच वेग राहतो. २०२३ मध्ये परिवहन विभागाने प्रवेशाच्या ठिकाणी टायर तपासून झिजलेल्या टायरच्या गाड्या परत पाठवल्या होत्या, तेव्हा लोक चिडले होते. मला ती तपासणी योग्यच वाटली. पण ती आपल्या पार्किंगमध्ये व्हायला हवी, दीडशे किलोमीटर गेल्यावर नव्हे.

आता पाऊस. टायरच्या खाचांमध्ये जागोजाग एक बुटका उंचवटा असतो. वरची नक्षी झिजून त्या उंचवट्याच्या पातळीला आली, की १.६ मिलिमीटर उरली असं समजायचं. गाड्यांसाठी कायद्याची तीच किमान मर्यादा आहे. नव्या टायरला सात-आठ मिलिमीटर असते. आपल्याकडच्या पावसात मी तर म्हणेन, तीन मिलिमीटरलाच बदला. खाचांचं काम टायरखालचं पाणी बाहेर फेकणं हे आहे. ते जमलं नाही, की टायर पाण्याच्या थरावर तरंगतो आणि ब्रेक-स्टिअरिंग काहीच चालत नाही. १९६० च्या दशकात नासाच्या संशोधकांनी विमानांच्या टायरवर याचा अभ्यास केला. त्यांच्या सूत्राने पाहिलं तर ३३ पीएसआयला हा वेग साधारण ताशी ९५ किलोमीटर येतो, २४ पीएसआयला ८० च्या आसपास. गाडीला हे आकडे ढोबळ म्हणूनच घ्यायचे, पण दिशा स्पष्ट आहे : हवा कमी, तर गाडी आणखी कमी वेगात तरंगते. आणि हे सगळं रस्त्यावरच्या पाण्याच्या थराबद्दल आहे. पुराच्या पाण्यावर कुठलाही टायर उपाय नाही. २६ जुलै २००५ आपण सगळ्यांनी पाहिली आहे, आणि २०१९ च्या जुलैत बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकलेलीही. जिथे रेल्वे थांबते तिथे आपण गाडी घालायची नाही.

खड्ड्यांवर मी वेगळं भाषण देत नाही, तो विषय तुम्हाला पाठ आहे. इतकंच सांगते, की जोरात आदळल्यावर घरी येऊन टायरची बाजू हाताने चाचपून बघा. फुगा आला असेल तर आतले धागे तुटलेत. तो दुरुस्त होत नाही, टायर बदलायचा. बाजूला पडलेलं पंक्चरही काढून चालवायचं नसतं. मधल्या भागातल्या पंक्चरला पट्टी घुसवली तर तात्पुरतं काम होतं, पण टायर उतरवून आतून मशरूम पॅच लावून घेतला की कायमची काळजी मिटते. खिळा दिसला तर रस्त्यात उपटू नका, ट्यूबलेस टायर त्यासकट बराच वेळ हवा धरतो. पंक्चरवाल्याजवळ उभं राहा. साबणाच्या पाण्यात जेवढे बुडबुडे, तेवढीच भोकं. एकदा महामार्गावरच्या एका दुकानात माझ्या एका खिळ्याची चार पंक्चरं झाली होती. तेव्हापासून मी बुडबुडे मोजते. वर्षातून एकदा, पावसाळ्याआधी, अलाइनमेंट, बॅलन्सिंग आणि पुढचे-मागचे टायर अदलाबदल करून घ्या. टायरची एकच कड झिजत असेल किंवा गाडी एका बाजूला ओढत असेल तर पावसाळ्याची वाट बघू नका.

स्टेपनीलाही वय असतं, आणि तिच्यातलीही हवा जाते. २०२० च्या नियमानुसार काही नव्या गाड्यांना स्टेपनीऐवजी दुरुस्तीचा संच आणि दाब दाखवणारी यंत्रणा चालते. तुमच्या गाडीत नक्की काय आहे ते आधीच बघून ठेवा. आणि मैत्रिणींनो, हे खास तुमच्यासाठी. एकदा दिवसाउजेडी, सोसायटीच्या आवारात स्वतः चाक बदलून बघा. नट आधी सैल करायचे, चाक जमिनीवर असताना. मग जॅक लावायचा. दुकानात नट यंत्राने इतके आवळतात, की आपल्या पान्याने हलतही नाहीत. म्हणून चाक बसवताना शेवटचं आवळणं हाताने करायला सांगा. रात्री माळशेजच्या रस्त्यावर हे शिकायची वेळ येऊ नये.

शेवटची विनंती. काढलेले जुने टायर गच्चीवर किंवा जिन्याखाली ठेवू नका. पावसाचं पाणी साठून त्यात डेंग्यूचे डास वाढतात. दुकानातच परत द्या, चार पैसे कमीही होतील.

आपण सगळे चाळिशी ओलांडलेले आहोत. आपल्या गाडीत मागच्या सीटवर आता म्हातारे आई-वडील असतात आणि नुकती अठरा पूर्ण झालेली मुलं किल्ली मागतायत. आजही काही जणांनी आपल्या सरांना आणि बाईंना घरून गाडीत बसवून इथे आणलंय. तेव्हा जेवण झालं, की घरी निघण्याआधी एक काम करा. बाहेर मैदानात गाड्या उभ्या आहेत. आपल्या गाडीच्या टायरपाशी खाली वाका, मोबाइलची बॅटरी लावा आणि ते चार आकडे वाचा. साल फार जुनं निघालं, तर या महिन्याच्या खर्चात टायर लिहून टाका. ग्रुपवर विचारायचंच असेल तर कंपनीचं नाव नका विचारू. आपला आकडा टाका. मी सगळ्यांचे वाचीन.